सुन-सान आणि वसंतातला राग

इरा शाळेतून आली ती बूट न काढता दारातच उभी राहिली. "आई, खाली लिफ्टजवळ काळ्या चौकटीचा कागद लावलाय. ओकुबो रानको असं नाव आहे. आपल्या खालच्या घरातली आजीच ना ती?" तिनं हे जपानीत विचारलं. नऊ वर्षांची माझी मुलगी मोठ्या बातम्या जपानीतच सांगते. मी गॅस बंद केला आणि तशीच खाली गेले. आमच्या इमारतीत कुणी गेलं की रहिवासी संघ फलकावर असा कागद लावतो... नाव, वय, अंत्यविधी कुठे आणि किती वाजता. मला जपानी अक्षरं अजून अडखळत वाचता येतात, पण या नावाची पाच येत होती. आदल्या दिवशी पहाटे त्या हॉस्पिटलमध्येच वारल्या होत्या. त्यांच्या यजमानांना कमी ऐकू येतं, फोनवर बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी संघाच्या माणसाला गाठून सांगितलं आणि संघानं फलकाला. मी त्या कागदापुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. राहून राहून वाटत होतं, हे तर त्यांचं नावच नव्हे.

त्यांचं नाव सुन युलान. नागरिकत्व घेताना जपानी नाव घ्यावं लागलं, ते दारावरच्या पाटीवर आणि बिलांवर असे. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मला सुन म्हण." मी हसले. आमच्या भाषेत सून म्हणजे मुलाची बायको, हे माझ्या तेव्हाच्या मोडक्या जपानीत समजावून सांगितलं. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग बरोबरच आहे. मी या देशात सून म्हणूनच आले." मी इथल्या रीतीचा आदराचा 'सान' जोडून त्यांना सुन-सान म्हणू लागले.

दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईची संगणकवाली मंडळी तोक्योत येऊ लागली, त्या लोंढ्यात आम्ही हिगाशी-कसाईला येऊन पडलो. नवऱ्याचं, नितीनचं, काँट्रॅक्ट वर्षाचं होतं. मी आयुर्वेदाची पदवीधर, सिंहगड रस्त्यावर चार वर्षं माझा स्वतःचा दवाखाना होता. वर्षभर कुलूप लावू, एवढंच ठरलं होतं. वर्षाची दोन झाली, दोनाची तीन झाली, आणि दवाखान्याची जागा मालकानं मोबाइलच्या दुकानाला दिली. माझ्या व्हिसावर 'आश्रित' असा शिक्का. आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची मुभा. ते मी डब्यांच्या कारखान्यात करायचे. बाइतो म्हणतात इथे अशा अर्धवेळ कामाला. पट्ट्यावरून डबे सरकत येतात, प्रत्येकात अर्धं उकडलेलं अंडं ठेवायचं, पिवळा भाग वर. बाकीच्या वेळी सहाव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्याच सुमारास माझ्या घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायला लागलं. गिळता येई, पण ते जाईना. हॉस्पिटलात नळी घालून पाहिलं, काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे. मी वैद्य असून मलाही त्याच्यावर काही सुचत नव्हतं. खरं म्हणजे स्वतःला तपासावं असंच वाटेनासं झालं होतं.

मार्चमधल्या एका सकाळी लिफ्टमध्ये माझ्याबरोबर एक ठेंगणी, साठीची बाई होती. हातात भाजीची पिशवी, अंगात जाड कोट. पाचव्या मजल्यावर दार उघडलं तरी ती बाहेर पडेना. दाराला हात लावून म्हणाली, "खालपासून इथवर तू तीनदा उसासा टाकलास." मी ओशाळून माफी मागितली. इथे माणूस आधी माफी मागतो, कारण मग कळतं. "माफी नको," ती म्हणाली, "घशात काही अडकल्यासारखं होतं का तुला?"

मी त्यांच्यामागोमाग त्यांच्या घरात गेले. त्यांनी माझी नाडी पाहिली, आधी एका हाताची, मग दुसऱ्या. तीन बोटं ठेवायची पद्धत पाहून माझे डोळे भरून आले. अगदी आमच्यासारखी, तरीही वेगळी. मग जीभ पाहिली, तिच्या कडा निरखल्या. म्हणाल्या, आमच्याकडे याला आलुबुखाराच्या बीचं नाव आहे. गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. यकृताची ऊर्जा कोंडली की होतं, आणि ती वसंतात जास्त कोंडते, कारण वसंत यकृताचाच ऋतू. या दिवसांत झाडासारखं सगळं वर यायला बघतं. त्याला वाट मिळाली नाही की माणूस चिडचिडा होतो, डोळे जळजळतात, छाती भरून येते. "राग येतो का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "येतो," त्या म्हणाल्या आणि मांडीवरची माझी मूठ बोट लावून उघडली.

त्या ईशान्य चीनमधल्या एका तालुक्याच्या गावी अठरा वर्षं डॉक्टर होत्या. लोक त्यांना सुन दाइफू म्हणत, म्हणजे सुन वैद्य. नवरा ओकुबो... युद्धानंतर जी जपानी मुलं चीनमध्ये मागे राहिली, त्यांतला एक. चिनी आईबापांनी वाढवलेला. चाळिशी उलटल्यावर त्याचे जपानी नातेवाईक सापडले आणि तो बायकोला घेऊन 'परत' आला, जो देश त्याला आठवतच नव्हता त्या देशात. तिथे मुलं त्याला जपानी म्हणून चिडवायची, इथे ऑफिसात त्याला चिनी म्हणत. सुन-सानची पदवी इथे चालणार नव्हती. परीक्षा द्यायची तर जपानी भाषा, आणि ती पोटापाण्याच्या धावपळीत कधी शिकायची? त्या एका हॉस्पिटलात लागल्या, स्वयंपाकघरात भांडी घासायला. हे सांगताना म्हणाल्या, "हॉस्पिटल होतं, हे एक बरं होतं. वास ओळखीचा होता."

त्या वसंतात मी रोज इराला शाळेत सोडलं की त्यांच्याकडे जाऊ लागले. औषध त्यांनी मला कधी दिलं नाही. दिले ते दिवसाचे नियम. लवकर उठायचं. केस मोकळे सोडून, कंबरेचं काही आवळलेलं असेल तर सैल करून, लांब पावलं टाकत चालायचं. ऊन पडलं म्हणून गरम कपडे लगेच उतरवायचे नाहीत. पाय आणि पाठ शेवटपर्यंत झाकायची, वसंतातला वारा लबाड असतो. कोवळा हिरवा पाला भरपूर खायचा. त्या लसणीच्या वासाची चपटी पात अंड्यात घालून परतत, आणि तो वास माझ्या घरापर्यंत येई. आंबट कमी, गोड थोडं जास्त. वाळलेली लाल बोरं त्या पेजेत शिजवत. शेवंतीच्या फुलांचा चहा. आणि पायाच्या अंगठ्याच्या नि शेजारच्या बोटाच्या मधली जागा रोज दाबायची. पहिल्यांदा त्यांनी दाबली तेव्हा मी ओरडलेच. "इथे तुझा नवरा आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आणि कारखाना."

गोडावरून मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, आमच्याकडे वसंतात थंडीत साठलेला कफ वितळतो, म्हणून गोड आणि जड वर्ज्य; जुनं धान्य, मध, व्यायाम, आणि दिवसा झोप नाही. त्या म्हणाल्या, यकृत जोरात असलं की पचनाला दाबतं, म्हणून पचनाला थोडं गोड द्यायचं. मी म्हटलं, त्यानं कफ वाढेल. त्या म्हणाल्या, तुमच्या ऊन देशात वाढत असेल. दोघी मोडक्या जपानीत, हातवारे करत, कागदावर चित्रं काढत तास-तास भांडायचो. दिवसा झोपायचं नाही यावर एकमत झालं तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला. त्या खोलीतून वर येताना मला कळायचं की मी हसत्ये. तीन वर्षांत कुणी मला "तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात" असं विचारलं नव्हतं. घशातली ती बी विरघळली असं मी म्हणणार नाही. कधी कधी मी तिला तास-दोन तास विसरून जायचे, इतकंच.

हळूहळू इमारतीतल्या आणखी तिघी मराठी बायका आमच्याबरोबर सकाळी चालायला येऊ लागल्या. कालव्याकाठच्या बागेत पुढे सुन-सान, मागे आम्ही चौघी, केस मोकळे. कुत्री फिरवायला आलेले जपानी आजोबा बाजूला होऊन वाट देत. त्या चौघींत शर्वरी होती; तिचा नवरा नितीनच्याच टीममध्ये. तिला झोप लागत नसे. तिनं सुन-सानकडून शेवंतीची फुलं आणि कसल्याशा मुळीचे तुकडे नेले. आठवड्यानं तिच्या गळ्यावर, हातांवर पुरळ उठलं. नवऱ्यानं रहिवासी संघाला पत्र लिहिलं की पाचव्या मजल्यावरची बाई परवाना नसताना औषधं देते.

संघानं सुन-सानना शनिवारी सकाळी दहा वाजता सभागृहात बोलावलं. त्या वर आल्या, माझ्या दारात उभं राहूनच बोलल्या. "तू डॉक्टर आहेस. तुला नीट सांगता येईल. मी पैसे घेत नाही, औषध म्हणून देत नाही, चहा देते. तू नुसती शेजारी बस." मी म्हटलं, येते. नक्की येते.

नितीनला संध्याकाळी सांगितलं. तो वाईट माणूस नाही, हे मला इथे लिहायचं आहे. तो म्हणाला, "मेधा, पुढच्या महिन्यात माझं रिन्यूअल आहे. तो आणि मी एकाच मॅनेजरच्या हाताखाली. त्याच्या बायकोला त्रास झालाय आणि तू समोरच्या बाजूनं बसणार. ऑफिसात काय बोलतील?"

"रिन्यूअल नाही झालं तर आपण घरी जाऊ," मी म्हटलं.

"कुठल्या घरी?" त्यानं विचारलं. त्याचं बरोबर होतं. पुण्यातल्या फ्लॅटचं बांधकाम अजून तिसऱ्या मजल्यावर होतं.

शनिवारी मी गेले नाही. आमच्या बाल्कनीतून सभागृहाचं दार दिसतं. दहाला पाच कमी असताना सुन-सान एकट्या खाली चालत गेल्या, चांगला करडा कोट घालून, केस घट्ट बांधून. दारापाशी थांबून त्यांनी एकदा मागे, रस्त्याकडे पाहिलं. मी वाळत घातलेल्या चादरीच्या आड झाले. साडेदहाला त्या बाहेर आल्या. नंतर कळलं की तीन माणसं टेबलामागे बसली होती, अतिशय नम्रपणे बोलली, आणि एका कागदावर त्यांची सही घेतली. यापुढे इमारतीतल्या कुणालाही प्रकृतीविषयी कसलाही सल्ला देणार नाही, अशी. ज्या बाईला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचं नव्हतं, तिच्याकडून.

शर्वरीचं पुरळ पुढच्या मार्चमध्ये चहा-बिहा काही न घेता पुन्हा उठलं. सीडर झाडांच्या परागकणांचं होतं ते; इथल्या अर्ध्या लोकांना होतं. तिनं मला हे सांगितलं, जरा ओशाळून. खाली जाऊन सुन-सानना सांगितलं नाही. मी तिला काय म्हणणार होते?

सुन-सान त्यानंतर लिफ्टमध्ये भेटल्या की मान लववून "कोन्निचिवा" म्हणत. सगळ्यांना म्हणतात तसं. मीही म्हणे. पाच मजले आम्ही दोघी दाराकडे बघत उभ्या असायचो, आणि मला उसासा टाकायची भीती वाटायची. असं जवळजवळ वर्ष गेलं. नितीनचं रिन्यूअल झालं, दोन वर्षांचं. घशातलं आता दिवसरात्र होतं. मी इरावर ओरडायला लागले होते, भांडी आपटायला लागले होते. वसंतात राग वर येतो, त्याला वाट द्यावी, हे ज्यांनी शिकवलं होतं त्यांच्याकडेच मला तोंड दाखवता येत नव्हतं.

मग पुन्हा मार्च आला. एका सकाळी लिफ्टमध्ये त्यांनी वर पाहिलं आणि मला त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. पिवळा होता. कपड्यांत त्या अर्ध्या झाल्या होत्या. वैद्याला हे कळायला एक क्षण पुरतो, आणि त्या क्षणात पाचवा मजला आला, दार उघडलं, मिटलं. आठ दिवस हे मनात घेऊन मी अंडी ठेवत राहिले. हे आठ दिवस मला कुणी परत देणार नाही.

नवव्या दिवशी मी त्यांचं दार वाजवलं. जपानीत माफी मागायचं एक फार लांबलचक, औपचारिक वाक्य असतं. ते मी पाठ करून गेले होते आणि दारात उभं राहून म्हटलं. त्यांनी पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं तू येणार नाहीस. ये, बस."

चहा ओतताना त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. त्या शिकत असताना त्यांचे गुरू, म्हातारे वैद्य, एके दिवशी चौकात उभे केले गेले. तो काळच तसा होता, जुनं जाणणारा माणूस गुन्हेगार ठरत होता. लोकांनी त्यांना नाही नाही ते विचारलं. गर्दीत सुन-सान होत्या, एकवीस वर्षांच्या. "त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं," त्या म्हणाल्या. "म्हणून त्या दिवशी मी वर तुझ्या बाल्कनीकडे पाहिलं नाही. चादर हलताना दिसली असती."

मी म्हटलं, "तुमचे डोळे पिवळे झालेत."

"शरद ऋतूपासून जेवण जात नाही. मला माहीत आहे."

"मग हॉस्पिटलात का नाही गेलात?"

"तिथे मी शब्द न कळणारी म्हातारी होते," त्या म्हणाल्या. "मला तिथे तशी जायचं नव्हतं."

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. त्या दिवशी मी कामावर कळवलंही नाही. खिडकीवर फॉर्म दिला त्यात व्यवसायाचा रकाना होता. त्यांनी 'काही नाही' असं लिहायला सुरुवात केली. मी पेन काढून घेतलं आणि माझ्या लहान मुलीसारख्या अक्षरात 'डॉक्टर' लिहिलं. खिडकीतल्या मुलीनं ते पाहून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "हो. चीनमध्ये अठरा वर्षं." माझा आवाज जरा चढलाच असावा, रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. तपासण्या झाल्या. तिशीच्या डॉक्टरानं आधी फॉर्म पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यांना 'सेन्सेई' म्हणाला; इथे डॉक्टरला आणि गुरूला हाच शब्द. सेन्सेई, इथे पाहा, असं म्हणून तो एकेक दाखवत गेला. सुन-सान पुढे वाकून, चष्मा कपाळावर चढवून पाहत होत्या. गाठ स्वादुपिंडाची होती. पित्ताची वाट दाबली गेल्यानं कावीळ. पसरलेलं होतं. बराच वेळ पाहून त्या मागे टेकल्या आणि मला म्हणाल्या, "बघ, यकृत मी सांभाळलं होतं."

त्यानंतर त्या अकरा महिने होत्या. पित्ताची वाट मोकळी करायला नळी घातली, त्यानं कावीळ उतरली. बाकी उपचार त्यांनी नाकारले. माझे आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याकडे जाऊ लागले, आणि नितीननं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकदा पेजेचं पातेलं तोच खाली देऊन आला. त्यांना एकदा गावी जायचं होतं. नदीवरचं बर्फ फुटताना तोफेसारखा आवाज होतो, तो ऐकायचा होता. आई गेली तेव्हा रजा मिळाली नव्हती, वडील गेले तेव्हा नवऱ्याचं ऑपरेशन होतं. आता प्रवास झेपणार नव्हता. यजमान म्हणाले, मी घेऊन जातो, आणि मग खुर्चीतून उठताना तोलच गेला त्यांचा. तिघं हसलो. मग कुणी तो विषय काढला नाही. जानेवारीत हॉस्पिटलात ठेवलं. शेवटचं भेटले तेव्हा त्या बोलत नव्हत्या. माझं मनगट धरलं होतं. मला वाटलं, आधारासाठी. मग लक्षात आलं की बोटं तीन आहेत, आणि ती आपापल्या जागी आहेत.

त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. अस्थींचा पांढरा डबा इथल्या रीतीप्रमाणे एकोणपन्नास दिवस घरात ठेवतात. मी रोज तिथे उदबत्ती लावायला जाते. गेल्या रविवारी संघाचे अध्यक्ष आले होते. त्या शनिवारी टेबलामागे मधोमध बसलेले, तेच. फोटोसमोर गुडघे टेकून हात जोडले आणि वळून आम्हाला म्हणाले, ओकुबो-सान फार शांत बाई होत्या, कधी कुणाला त्रास दिला नाही. यजमानांना ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "त्या शांत नव्हत्या. त्या डॉक्टर होत्या. माझ्या सेन्सेई होत्या. तुम्ही सही घेतलीत त्या दिवशी मी हे सांगायला यायला हवं होतं, मी आले नाही." अख्खं वाक्य न अडखळता आलं. ते गृहस्थ लालबुंद झाले. खाली मान घालून म्हणाले, "असं होतं का?" आणि पुन्हा फोटोकडे वळून आणखी एकदा वाकले.

मी अजून हिगाशी-कसाईतच आहे. नितीनचं पुढचं रिन्यूअल या महिन्यात आलंय, आणि मी त्याला सांगितलंय की मला परत जाऊन काम सुरू करायचं आहे. त्यानं नाही म्हटलं नाही. हो म्हटलेलं नाही. इरा म्हणते, ती इथेच राहणार. आम्ही तिघं जेवायला बसतो आणि ताटाकडे बघतो.

सुन-सानच्या अर्ध्या अस्थी गावच्या नदीत सोडायच्या होत्या. यजमानांनी चौकशी केली. कागद लागतात, न्यायला माणूस लागतो. डबा तिथेच आहे. रोज सकाळी सहाला खालून अॅल्युमिनियमची खिडकी सरकवल्याचा आवाज येतो. पूर्वी ती सुन-सान उघडायच्या, आता यजमान उघडतात; त्यांना तो आवाज ऐकूही येत नसेल. काल मी विचारलं, इतक्या थंडीत का उघडता? ते म्हणाले, "तिला बाहेरची हवा लागते." मग डब्याखालचं टेबल त्यांनी दोन्ही हातांनी धरून खिडकीच्या आणखी थोडं जवळ ओढलं.